नाल्यावरचा बांबू

चैत्र वद्य ४, शके १७८७. अमरावती.

ही वही पुण्यात भूमितीच्या आकृत्यांसाठी घेतली होती. पहिल्या पानांवर त्रिकोण आहेत, पुढे कोरी. कॉलेजच राहिलं नाही तर त्रिकोण कशाला. एका सोबत्यानं माझ्या 'मले-तुले'ची चारचौघांत नक्कल केली, मी दौत फेकून मारली. माफी माग म्हणाले. नाही मागितली, वळकटी उचलली. दर्यापूरहून वडिलांचा निरोप आला, "कापसाच्या पैशानं शिकाले पाठोलं होतं, आता कापसातच बस." म्हणून इथं भगवंतराव काकांच्या अडतीवर बसतो. अमेरिकेत कोण कोणाशी लढतंय देव जाणे, पण त्यांच्या लढाईनं आमच्या कापसाला सोन्याचा भाव आणलाय आणि अमरावतीत जो तो घाईत आहे.

मीही घाईत आहे, पण कापसाच्या नव्हे.

अकोल्याच्या वाटेवर, नाल्याच्या पलीकडच्या काठाला नत्थुजी माळ्यांची वाडी आहे. टरबुजं, काकड्या, वांगी. जमुना त्यांची मुलगी. नवरा गेला तेव्हा पोरसवदा होती, आता एकोणिसाची असेल. टरबुजाला टिचकी मारते, कान लावते आणि म्हणते, "हे आज नको, परवा ने." मी परवा जातो. घरात टरबुजं इतकी साठली की काकू गाईला घालते.

आज तीच काकू भाकरी थापता थापता म्हणाली, नत्थुजींनी जमुनेचं अकोल्याला जमवलं. सूर्यभान नावाचा बिजवर आहे, गाड्यांचा मुकादम. मोहतूर वैशाखाच्या अंधाऱ्या पाखात. आम्हा माळ्यांत विधवेचं दुसरं लग्न असं अंधाऱ्या पाखातच लागतं. पुण्याच्या सोबत्यांना त्याचंही हसू आलं होतं.

भाकरी तशीच ताटात राहिली. "काहून रे, पोट बिघडलं का?" काकूनं विचारलं. मी हो म्हटलं.

चैत्र वद्य ८

अकोल्याला पटकी सुरू झाली. आगगाडीच्या रुळाचं काम चाललंय तिथल्या मजुरांच्या वस्तीत आधी, मग गावात. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी नसतो म्हणतात.

खरं लिहायचं तर पहिला विचार आला तो हा, की आता तिकडच्या गाड्या येणार नाहीत. दुसरा विचार, की मेलेल्यांचं फार वाईट झालं. क्रम उलटा हवा होता. पण वही माझी आहे.

चैत्र वद्य ९

वाडीवर गेलो. नत्थुजी टरबुजं नाल्याच्या डोहात सोडत होते. भर उन्हात बाजारात नेली तरी थंड राहतात, म्हणून गिऱ्हाईक यांच्याच टरबुजांवर तुटून पडतं. जमुना काकड्या धूत होती.

"शेषा, अकोल्याकडून कोनी आलं का बाजारात?"

"कोणी नाही. तिकडे पटकी आहे."

"गाड्या येतीन ना पन?"

"कशाला येतील?"

हातातली काकडी तिनं पुन्हा धुतली. मग म्हणाली, "सारेच थोडे आजारी असतीन."

भ्याली आहे बिचारी. तो सूर्यभान येऊन टपकेल या धास्तीनं तिला दुसरं काही सुचत नाही. मी म्हटलं, "तू काळजी करू नको. गाड्या येणारच नाहीत, मी पाहतो."

"तू कोन थांबोनारा? साहेब हायेस का?" असं म्हणून हसली. ते हसू मी घरापर्यंत सांभाळून आणलं.

चैत्र वद्य ११

आज जिंकलो.

कापसाच्या बाजारात निंबाखाली सभा भरली. कचेरीतून शिरस्तेदार आले होते. हकीम म्हणाले, कच्ची टरबुजं आणि काकड्या हेच पटकीचं मूळ. वैद्य म्हणाले, टरबूज बिचारं थंड, दोष हवेचा, घरोघर निंबाचा धूर करा. रेच्यावर सरकी काढणारी गंगूबाई मागून ओरडली, "मरीआईचा गाडा सजवा न् शिवेपार नेऊन सोडा, आमच्या बापजाद्यांनी तेच केलं." कोणी तरी म्हणालं, "आपन बडनेऱ्याच्या शिवेत सोडू, बडनेऱ्याचे आपल्या सोडतीन. आईले तेवढीच हवा पालट." सगळे हसले. हसत होते, पण जो तो शेजाऱ्यापासून हातभर सरकून बसला होता.

काकांचं एकच पालुपद. "अकोल्याच्या गाड्या बंद केल्या त कापूस काय डोक्यावर नेता? आज भाव हाय, उद्या त्यायची लढाई मिटली त बसा वाती वळत."

मग मी कापसाच्या बोजावर चढलो. बोलायला लागलो तशी जीभ सुटली. म्हटलं, रोग आपल्या पायांनी येत नाही, तो गाडीत बसून येतो. म्हटलं, तुम्ही भाव मोजता, अकोल्यात तिरड्या मोजताहेत. पुण्याला असताना जे ऐकलं-वाचलं ते सगळं ओतलं. टाळ्या पडल्या. काका मात्र जमिनीकडे पाहत होते.

शिरस्तेदारांनी विचारलं, गाड्या अडवायच्या कुठे? मी बडनेऱ्यापलीकडे म्हटलं. तितक्या लांब पहाऱ्याला जायला कोणी तयार होईना, म्हणून नाल्यावर ठरलं. पलीकडे गाड्या, अलीकडे शहर. त्यात मी माझी एक बाब घातली: गाडीवाल्यांनी शहराच्या एकाही विहिरीला शिवायचं नाही, त्यांना नाल्याचं पाणी आहेच. ही सूचना सगळ्यांना इतकी पटली की शिरस्तेदारांनी माझ्याच शब्दांत उतरवून घेतली. पहाऱ्याला कोण, म्हणताच मी हात वर केला.

घरी येताना काका म्हणाले, "शेषा, त्या नत्थूची वाडी कोन्या काठाले हाय?"

"पलीकडच्या. मग काय झालं? शहराच्या गर्दीपासून लांब, मोकळ्या हवेत. उलट बरंच आहे."

काकांनी चिलीम झटकली.

चैत्र वद्य १३

वाटेत बांबू आडवा टाकला. कचेरीचे दोन शिपाई आणि मी. जमुना पलीकडून काकड्यांची पाटी घेऊन आली आणि बांबूशी थबकली.

"मले बाजारात जाता येनार नाई?"

"थोडे दिवस. आजार आहे ना."

"आमाले कुठी आजार हाय?"

"नियम आहे. तुझ्या भल्याचाच आहे."

तिनं बांबूवरून एक काकडी फेकली. मी झेलली. तिथंच उभ्या उभ्या खाल्ली.

वैशाख शुद्ध १

दुपारी पहाऱ्यावरून सुटून अडतीवर गेलो, तर बाजार ओळखू येईना. आजवर दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरायचे, बोटांवर भाव ठरायचा, तिसऱ्याला पत्ता नसायचा. आता हात धरायला कोणी धजत नाही. भाव तोंडानं, मोठ्यानं सांगावा लागतो. दलालांचे चेहरे चारचौघांत धोतर सुटल्यासारखे झालेत. एक म्हणाला, "बोट धरल्याबिगर समोरच्याच्या पोटात काय हाय ते कसं समजन?" शेतकरी मात्र खूश. दर्यापूरचा एक जण म्हणाला, "बाप्पा, माह्या कापसाचा भाव मी जनमात पयल्यांदा कानानं ऐकला."

रेच्यावरच्या बाया लांब लांब बसतात आणि एकमेकींशी बोलायला ओरडतात, त्यामुळे कोणाच्या सासूचं काय चाललंय ते मुनिमापर्यंत पोचतं. चिलीम ज्याची त्याची. काकांनी स्वतःची लाल दोरा बांधून ठेवली आहे. निंबाच्या धुरानं सगळ्यांचे डोळे पाणावलेले. न रडणारा माणूस अमरावतीत उरला नाही.

गाड्या नाहीत म्हणून कापसाचे बोजे छपराला टेकले आहेत. काका माझ्याशी मुनिमामार्फत बोलतात.

वैशाख शुद्ध ३, आखाजी

तो आला.

परवापासून नाल्यापलीकडे गाड्या साचताहेत, कारण अडवणुकीची बातमी वाटेवर कोणाला नव्हती. कोणी मीठ आणलं, कोणी कापड. परत जायचं तर अकोल्यात मरी, पुढे यायचं तर माझा बांबू. आज सणाच्या दिवशी आणखी वीसेक आल्या. पुढच्या गाडीवरून एक सडसडीत माणूस उतरला. तोंडावर देवीचे व्रण. सूर्यभान म्हणून मी मिशावाला आडदांड गडी डोळ्यांपुढे धरून बसलो होतो.

"भौ, बांबू कोनी टाकला?"

"मी."

"बरं केलं," म्हणाला. "आपल्या पायानं दुसऱ्याच्या घरी आजार नेऊ नाई." आणि बैलांकडे वळून त्यांनाच सांगितलं, "चला बा, आपला मुक्काम इथीच."

भांडला असता तर बरं झालं असतं. मी तयारी करून बसलो होतो.

गाड्या सोडल्या त्या थेट नत्थुजींच्या कुंपणाला लागून. तेवढीच सावली आहे तिथं, आणि डोह जवळ. माणसं आणि बैल एकाच काठावर पाणी पितात, कपडे धुतात. नत्थुजींची टरबुजं जागेवरच संपताहेत. संध्याकाळी पाहिलं तर सूर्यभान कुंपणाशी उभा होता आणि जमुना त्याला टरबुजावर टिचकी मारून दाखवत होती.

व्यापारच आहे तो. गिऱ्हाइकाला दाखवावंच लागतं.

वैशाख शुद्ध ६

आज एक काम उरकून टाकलं. वेळ घालवण्यात अर्थ नाही, अंधारं पाख जवळ आलं.

बिनलग्नाच्या पोराला एकदम विधवेशी मोहतूर लावता येत नाही. आधी रुईच्या झाडाशी लग्न लावावं लागतं. रुई पहिली बायको, मग ती दुसरी. माझ्या आड काही येऊ शकेल तर ही एकच अडचण. नाक्याला लागूनच रुईचं चांगलं भरलेलं झुडूप आहे. जातीतले म्हातारे जानराव पागोट्याच्या बोलीवर यायला तयार झाले.

"पोरीले ईचारलं का?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"विचारायचं आहे."

"तिच्या बापाले?"

"तेही विचारीन."

"आंधी रुई, मंग पोरगी. तुह्यं समदं उलटंच हाय, लेका." पण हळदीचा दोरा त्यांनी बांधला, अक्षता टाकल्या. शिपाई तोंडात पदर धरल्यासारखे हसत होते. मी हसलो नाही. नाल्यापलीकडे जमुना वांगी तोडत होती. तिनं इकडे पाहिलं असेल, नसेल.

वैशाख शुद्ध ७

शिपायांनी गावभर केलं. काकूनं ताट वाढताना विचारलं, "सूनबाई कशी हाय? पानी-गिनी घातलं का तिले, का उपाशीच हाय?"

काका बऱ्याच दिवसांनी मुनिमावाचून बोलले. "आता तू बिजवर झाला. कुवारी पोरगी तुले कोन देनार?"

म्हटलं, मला कुठे हवी आहे.

वैशाख शुद्ध ९

पलीकडे पटकी लागली. काल दोन गाडीवाले, आज तीन. त्यांना नाल्याकाठीच अग्नी दिला. अकोल्याहूनच घेऊन आले असणार. पण आले त्यालाही आता बरेच दिवस झाले, आणि आजचे तिघे तर बडनेऱ्याचे, अकोल्याला गेलेच नव्हते. वैद्यांना विचारलं. म्हणाले, वारा तिकडून वाहतो. असेल. शहरात मात्र अजून एकही नाही. काल बाजारात ओळख नसलेल्या दोघांनी मला रामराम घातला. माझी पद्धत बरोबर होती हे आता सगळे मानतात.

जमुनेला ओरडून सांगितलं, गाडीवाल्यांच्या जवळ जाऊ नको, त्यांचा वारा घेऊ नको. ती डोहातून घागर भरत होती. मान हलवली. मग ती घागर आजाऱ्यांकडे घेऊन गेली. सूर्यभान त्यांची तोंडं पुसत होता.

वैशाख शुद्ध ११

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

उन्हं डोक्यावर यायच्या सुमारास जमुना धावत बांबूशी आली. पदराचं भान नव्हतं. "शेषा, बांबू उचल. बाबाले उलट्या होऊन राहिल्या. शहरात सरकारी दवाखाना हाय म्हनते, तिथी नेतो."

मागून सूर्यभान आला. नत्थुजी त्याच्या पाठीवर होते. एवढा धट्टाकट्टा माणूस, एका रात्रीत गालफडं बसलेली, हात कोरड्या वेलीसारखे लोंबत.

नत्थुजी एकटे असते तर उचलला असता. देवाशपथ उचलला असता. पण त्यांना उचलून तो उभा होता. बांबू वर केला की तो आत.

"नियम आहे," मी म्हटलं.

"नियम तूच केला ना रे?" ती म्हणाली. "मंग तूच उचल."

सूर्यभान म्हणाला, "भौ, मी नाई येत. तू घे यायले पाठीवर. मी इथीच थांबतो."

शिपाई पाहत होते. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. काय झालं ते आत्ताही सांगता येत नाही. म्हटलं, "असं नको. चिठ्ठी आणतो कचेरीतून. रीतसर." आणि पळालो.

साहेब जेवत होते. मग वामकुक्षीला गेले. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारणारा गडी म्हणाला, उठले की सांगतो. शिरस्तेदारांनी विचारलं, किती माणसं? मी म्हटलं, दोन. नत्थुजी आणि मुलगी. तिसऱ्याचं नाव मी घेतलं नाही.

उन्हं कलल्यावर चिठ्ठी मिळाली. धावत आलो. नाल्यापलीकडे सरण रचत होते.

वैशाख शुद्ध १२

जमुना आज बांबूपर्यंत आली. चिठ्ठी मी तिला द्यायला नेली होती, का ते माहीत नाही. तिनं घेतली नाही.

"शेषराव," म्हणाली, "तुमी आता वाडीकडं नका येत जाऊ. सुतक हाय."

आजवर मला 'शेषा' आणि 'तू' म्हणायची. बापाच्या दुःखातही तिनं माझा मान वाढवला. माझी धावपळ तिच्या मनात राहिली आहे. सुतक फिटलं की विचारीन.

वैशाख वद्य ४

कापसाचा भाव घसरला. कसली तरी तार मुंबईला आली म्हणे, लढाई मिटणार. बाजारात एकदम कल्लोळ. ज्यांनी माझ्या भाषणाला टाळ्या दिल्या तेच कचेरीपुढे जाऊन बसले, की गाड्या सोडा, माल कुजतो आहे. हकीम, वैद्य, दलाल, सगळ्यांना एकाएकी पटलं की पटकीचा जोर ओसरला. पलीकडे काल एक गेला, पण तो म्हातारा होता म्हणाले.

आज नाका उठला. बांबू शिपाई आपल्या गोठ्याला घेऊन गेला. बाजारात पुन्हा उपरणी निघाली. काकांनी चिलमीचा लाल दोरा सोडला.

वैशाख वद्य १०

नत्थुजींचं तेरावं परवा झालं. आज सकाळी मी धुतलेलं धोतर नेसून वाटेवर उभा राहिलो. बांबू नाही, पण उभा राहायची जागा तीच झाली आहे.

काकांचे बोजे लादून सूर्यभानच्या गाड्या अकोल्याकडे निघाल्या. पहिल्या गाडीवर, बोजांच्या पुढे, जमुना बसली होती. मांडीवर गाठोडं, शेजारी नत्थुजींची कुदळ. वाडी चुलत्याला दिली असं मागच्या गाडीवाल्यानं सांगितलं. मोहतूर तिकडेच, पाख संपायच्या आत.

माझ्याजवळ आल्यावर तिनं गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं, आता.

ती रुईकडे पाहत होती. झुडपाला फुलं आली आहेत, आणि दोरा अजून पिवळा आहे.

"हे कोनी केलं?" तिनं सूर्यभानला विचारलं.

"कोन्या तरी पोट्ट्याचं मोहतूर असन," तो म्हणाला. "चांगलं हाय. कोनाचं तरी घर बसन." मग मला म्हणाला, "कोनाचं गा, भौ?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

जमुनेनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. पण तिला कळलं असावं, कारण तिनं गाठोड्याखालून एक टरबूज काढलं, त्याला टिचकी मारली, कान लावला आणि खाली वाकून माझ्या हातात दिलं. "आजच खा," म्हणाली. सूर्यभाननं बैलांना हाक घातली. धूळ खाली बसेपर्यंत गाड्या वळणाआड गेल्या होत्या.

मी डोहावर उतरलो, लोटा भरला, तिचं टरबूज त्याच पाण्यात धुतलं. अर्धा लोटा रुईच्या मुळाशी ओतला, काकू विचारते ना रोज. उरलेलं मी प्यालो. दिवसभर उन्हात उभा होतो. नाल्याचं पाणी या दिवसांतही किती थंड असतं.